सर्किट बाजूला ठेव, आधी भरतीचा आलेख काढ

‘मॅडम, मी भूगोलात बीएस्सी करून पुण्यात जिओइन्फर्मेटिक्सच्या एमएस्सीला प्रवेश घेतला. या सत्रात सिग्नल्स अँड सिस्टिम्सचा पेपर आहे. पहिल्या तासाला रेझिस्टर-कपॅसिटरचं सर्किट, दुसऱ्याला इंटिग्रेशन, तिसऱ्याला काल्पनिक संख्या. बारावीनंतर माझं गणित सुटलंय. इंटर्नलला वीसपैकी सहा पडले. वर्गातली मुलं म्हणतात, सूत्रं पाठ कर, पास हो, पुढे सगळं सॉफ्टवेअरच करतं. मला सर्व्हे किंवा रिमोट सेन्सिंगमध्येच काम करायचंय. तिथे हा विषय खरंच लागतो का? लागत असेल तर सुरुवात कुठून करू? साधा लॅपटॉप आहे, पायथॉन थोडंफार येतं. सुट्टीत मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावी जाणार आहे.’

लागतो. आणि सॉफ्टवेअर सगळं करतं, म्हणून तर जास्तच लागतो.

तुझ्या रोजच्या कामातलंच बघ. भूवापराचा रास्टर, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी पेशींचा नकाशा, एका नकाशा-प्रक्षेपणातून दुसऱ्यात नेताना सॉफ्टवेअर विचारतं: निअरेस्ट नेबर, बायलिनियर की क्युबिक कन्व्होल्यूशन? म्हणजे नव्या पेशीचा आकडा सर्वांत जवळच्या एका पेशीवरून उचलायचा, की आसपासच्या पेशींवरून काढायचा? समज, तुझ्या नकाशात 2 म्हणजे जंगल, 3 म्हणजे शेती आणि 4 म्हणजे पाणी. बायलिनियर निवडलंस, तर जिथे जंगल तलावाला भिडतं तिथे 2 आणि 4 ची सरासरी निघते आणि तिथे 3 लिहिलं जातं. तलावाच्या काठाने शेतीची बारीक पट्टी उगवते. एरर येत नाही, नकाशा देखणा दिसतो, क्षेत्रफळाचा तक्ता बनतो आणि तो अहवालात जातो. तिसऱ्या पर्यायाच्या नावातलं ‘कन्व्होल्यूशन’ हे तुझ्या पेपरातलंच प्रकरण आहे. ते ज्याला कळलंय त्याचा हात बायलिनियरवर जाण्याआधी थांबतो.

आता क्रमाबद्दल. हा विषय सर्किटपासून सुरू करणं इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांसाठी ठीक आहे, कारण त्यांच्या हातात सर्किट असतं. तुमच्या वर्गाला तोच क्रम लावणं मला मान्य नाही. आपल्याकडे सिग्नल म्हणजे काळानुसार किंवा जागेनुसार बदलणारं कोणतंही मोजमाप: जेट्टीवरची पाण्याची पातळी, डोंगराच्या छेदावरची उंची, उपग्रह प्रतिमेच्या एका ओळीतली पिक्सेलची तेजस्विता. आणि खरी वस्तू व तुझ्या फाइलमधला आकडा यांच्यामध्ये जे जे उभं असतं, ती सिस्टिम. कॅमेऱ्याचं भिंग, जीपीएसचा रिसीव्हर, तू लावलेलं स्मूदिंग, सगळं त्यात आलं.

मुंबईत अपोलो बंदरावर 1878 पासूनच्या भरती-ओहोटीच्या नोंदी आहेत. आशियातल्या सर्वांत लांब नोंदींपैकी त्या एक. तरंगकावर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या भरतीमापकात तरंगक थेट समुद्रात सोडत नाहीत. तो एका उभ्या नळीत किंवा विहिरीत असतो, आणि त्या विहिरीला समुद्राकडे एक लहान छिद्र असतं. काही सेकंदांची लाट येते नि जाते, तेवढ्यात छिद्रातून पुरेसं पाणी आत शिरत नाही, म्हणून आतली पातळी जवळजवळ हलत नाही. भरती मात्र तासन्‌तास चढते, तिला आत यायला भरपूर वेळ मिळतो. हा लो-पास फिल्टर, संथ बदल आत सोडणारा नि वेगवान अडवणारा. तुझ्या पहिल्या तासाच्या सर्किटात रेझिस्टर जे करतो ते इथे छिद्र करतं आणि कपॅसिटर जे करतो ते विहिरीची साठवण करते. गणितही जवळपास तेच.

‘जवळपास’ का, ते समजून घे, कारण पेपरातल्या दोन मोठ्या अटी त्यातच आहेत. खऱ्या छिद्रातून पाणी पातळीतल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाहतं. फरक चौपट झाला तरी प्रवाह दुप्पटच होतो. म्हणजे ही सिस्टिम काटेकोर रेषीय नाही. रेषीय असती तर आत येणारं दुप्पट केल्यावर बाहेर पडणारंही दुप्पट झालं असतं. दुसरी अट काळाची. छिद्रावर शेवाळ नि शिंपले वाढले की आजचा भरतीमापक आणि सहा महिन्यांनंतरचा भरतीमापक एकच राहत नाही, तीच भरती तो वेगळी नोंदवतो. म्हणून ती विहीर साफ करावी लागते. ‘लिनिअर टाइम-इन्व्हेरियंट’ ही व्याख्या पाठ करण्याआधी हे छिद्र नीट डोळ्यांसमोर आण.

आता लॅपटॉप उघड. दोन कोसाइन लाटांची बेरीज कर. एक चंद्राची, कालावधी 12.42 तास, उंची (मधल्या पातळीपासून शिखरापर्यंत) 1.2 मीटर. दुसरी सूर्याची, कालावधी बरोबर 12 तास, उंची 0.5 मीटर. हे आकडे मुंबईच्या जवळपास जाणारे आहेत. दिवसातून एकदा येणारे घटकही असतात, ते सध्या सोड. दर तासाला एक किंमत, असा दोन महिन्यांचा आलेख काढ. उधाण आणि भांग आपोआप दिसतील, कारण दोन लाटा एकमेकींना गाठतात नि सोडतात आणि एका उधाणापासून दुसऱ्या उधाणापर्यंत 14.77 दिवस जातात.

मग त्याच आकड्यांतली दर चोविसावी किंमत उचल. रोज दुपारी बारा वाजता जेट्टीवर जाऊन एकदाच पातळी लिहिणारा माणूस, असं समज. आलेख काढलास की 14.77 दिवसांची एक संथ, गुळगुळीत लाट दिसेल. दिवसातून दोनदा येणारी भरती पूर्ण गायब. चंद्राची लाट 24 तासांत 1.9323 फेऱ्या करते, म्हणजे दोनला 0.0677 कमी. रोज एकदाच बघणाऱ्याला तेवढी घसरणच दिसते, आणि 1 भागिले 0.0677 म्हणजे 14.77. सूर्याची लाट तर रोज बाराला त्याच जागी असते. तिचे 0.5 मीटर सरासरी पातळीत मिसळून जातात आणि समुद्र अर्धा मीटर उंच असल्याचा आकडा मिळतो. याला एलिआसिंग म्हणतात. नियम असा की एका फेरीत दोनापेक्षा जास्त नोंदी हव्यात. नियमापेक्षा मला यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: खोटी लाट एकदा नोंदीत शिरली की नंतर कोणताही फिल्टर लावून ती बाहेर काढता येत नाही. आकड्यांवरून ती खरी की खोटी हे कळायला मार्गच उरत नाही. गाळायचं ते नोंद घेण्याआधी. भरतीमापकाच्या विहिरीचं छिद्र नेमकं हेच करतं, वाऱ्याच्या लाटा नोंदीआधी अडवतं.

हा प्रश्न फक्त जेट्टीवरच्या माणसाचा नाही. समुद्राची पातळी अवकाशातून मोजणारा टोपेक्स/पोसायडन उपग्रह 1992 मध्ये गेला. तो एकाच जागेवर साधारण 9.92 दिवसांनी परत यायचा. इतक्या विरळ नोंदींत चंद्राची 12.42 तासांची भरती 62 दिवसांची लाट होऊन दिसते. हे माहीत होतं म्हणून त्याची कक्षा मुद्दाम अशी निवडली, की मुख्य भरत्या ओळखता येतील अशा वेगवेगळ्या कालावधींवर जाऊन पडाव्यात. सूर्यसमकालिक कक्षा घेतली असती तर उपग्रह दर वेळी त्याच स्थानिक वेळेला आला असता, आणि सूर्याची भरती तुझ्या दुपारी बाराच्या नोंदीसारखी गोठून बसली असती. भूगणितात सॅम्पलिंगचा विचार एवढ्या आधी, कक्षा ठरवताना होतो.

जागेतही तेच. ड्रोनच्या फोटोत पन्हाळी पत्र्याच्या छपरावर कधी रुंद, वळणदार पट्टे दिसतात. छपरावर तसे पट्टे नसतात, पन्हाळी पिक्सेलपेक्षा बारीक झाल्यामुळे ते उमटतात. आणि सेंटिनेल-2 उपग्रहाची 10 मीटर पिक्सेलची प्रतिमा 60 मीटरवर आणताना दर सहावं पिक्सेल उचलायचं की 36 पिक्सेलची सरासरी घ्यायची, हा प्रश्न आला की दुपारी बाराचा आलेख आठव.

कन्व्होल्यूशनला लोक विनाकारण घाबरतात. ते इंटिग्रेशनच्या रूपात पहिल्यांदा भेटतं, हीच अडचण. कागदावर सात आकडे लिही: 0, 0, 0, 10, 0, 0, 0. काळ्या शेतात एकच लखलखता बिंदू. आता प्रत्येक जागी स्वतःचा अर्धा भाग आणि दोन्ही शेजाऱ्यांचा पाव-पाव भाग घे. 0, 0, 2.5, 5, 2.5, 0, 0 मिळेल. बिंदू पसरला. हा पसरलेला आकार म्हणजे त्या सिस्टिमचा इम्पल्स रिस्पॉन्स, आणि प्रतिमेच्या भाषेत पॉइंट स्प्रेड फंक्शन. आता 0, 0, 0, 10, 10, 10 ही पायरी घे, उजवीकडे पुढेही 10 च आहेत असं धर. 0, 0, 2.5, 7.5, 10, 10 येईल. कडा उतरणीला लागली. एक बिंदू कसा पसरतो एवढं कळलं की कोणतंही दृश्य कसं दिसेल ते काढता येतं, कारण दृश्य म्हणजे बिंदूंचीच बेरीज. हे हाताने चार-पाच वेळा केल्याशिवाय नमपायच्या (पायथॉनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या) कन्व्हॉल्व्हकडे जाऊ नकोस.

आणि हे सह्याद्रीवर लावून बघ. समज, 30 मीटरच्या डीईएममध्ये, म्हणजे प्रत्येक पेशीत जमिनीची उंची लिहिलेल्या रास्टरमध्ये, लगतच्या दोन पेशींमध्ये 120 मीटरचा सरळसोट कडा आहे. उतार काढणारी नेहमीची 3 बाय 3 ची खिडकी डावीकडच्या नि उजवीकडच्या पेशींतला फरक घेते आणि 60 मीटरने भागते. 120 भागिले 60 म्हणजे 2, आणि तो कोन 63 अंशांचा. प्रत्यक्षात 90 अंशांचा कडा तुझ्या नकाशावर 63 अंशांचा झाला, शिवाय एकाऐवजी दोन पेशी रुंद. दरडींच्या धोक्याचा नकाशा करताना जो हे विसरतो, त्याच्या नकाशात डोंगर खऱ्यापेक्षा सौम्य होतात. उतार काढणं हेसुद्धा कन्व्होल्यूशनच आहे, फक्त खिडकीतल्या आकड्यांमध्ये काही उणे असतात.

काल्पनिक संख्यांची भीती मात्र आपल्या शाखेच्या माणसाला शोभत नाही, कारण तू त्या ट्रॅव्हर्समध्ये वापरतेसच. ट्रॅव्हर्सच्या, म्हणजे सर्व्हेत एकाला एक जोडून मोजलेल्या रेषांच्या, प्रत्येक बाजूला लांबी असते आणि बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासूनचा कोन, असतं. कोसाइनने उत्तरेकडचा घटक काढतेस, साइनने पूर्वेकडचा, आणि सगळ्या बाजू जोडतेस. एका वारंवारतेची लाटही अशीच: लांबी म्हणजे उंची, बेअरिंग म्हणजे फेज, लाट आपल्या फेरीत कुठे आहे ते. लाटांची बेरीज म्हणजे ट्रॅव्हर्सच्या बाजूंची बेरीज. रेषीय आणि काळाने न बदलणारी सिस्टिम एका लाटेला दोनच गोष्टी करू शकते: लांबी कमी-जास्त करणं आणि बेअरिंग फिरवणं. दोन्ही एकाच गुणाकारात होतं, म्हणून उत्तर-पूर्व घटकांसारखे वास्तव नि काल्पनिक असे दोन भाग असलेली ही संख्या वापरायची. दुसरं कारण नाही.

फेज म्हटल्यावर टोटल स्टेशन, सर्व्हेत कोन नि अंतर मोजणारं यंत्र, आठव. 15 मेगाहर्ट्झने मॉड्युलेट केलेल्या, म्हणजे त्या वेगाने तेज कमी-जास्त केलेल्या, प्रकाशाच्या त्या चढउताराची तरंगलांबी सुमारे 20 मीटर. तो प्रिझमपर्यंत जाऊन परत येतो, म्हणून दर 10 मीटरला फेज पुन्हा शून्यावर येते. 3.427, 13.427 आणि 23.427 मीटर यांची फेज एकच. म्हणून यंत्र आणखी कमी वारंवारता वापरून किती पूर्ण फेऱ्या झाल्या ते ठरवतं. आरटीकेमध्ये, म्हणजे जीपीएसने जागेवरच सेंटिमीटरपर्यंत मोजण्याच्या पद्धतीत, रोव्हर (हातातला फिरता रिसीव्हर) ‘फ्लोट’वरून ‘फिक्स’वर येण्याची आपण उन्हात उभं राहून वाट बघतो, तेव्हा आत हाच प्रश्न सुटत असतो, तिथे जीपीएसच्या एल-1 ची लाट 19 सेंटिमीटरची असते. इन्सारमध्येही, म्हणजे दोन वेळच्या रडार प्रतिमांच्या फेजमधला फरक काढण्याच्या पद्धतीतही, तेच. सेंटिनेल-1 च्या रडारची तरंगलांबी सुमारे 5.5 सेंटिमीटर, म्हणून रंगांची एक पूर्ण पट्टी म्हणजे उपग्रहाच्या दिशेने जमीन 2.8 सेंटिमीटर सरकली. कॅलिफोर्नियातल्या लँडर्सच्या 1992 च्या भूकंपाचा असा नकाशा 1993 मध्ये छापून आला, तेव्हा जगाला या पद्धतीची ताकद दिसली.

जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा रिसीव्हरमधल्या नॉइजपेक्षाही क्षीण असतो. तरी तो सापडतो कसा? प्रत्येक उपग्रह आपला ठरलेला कोड पाठवतो. हा सी/ए कोड 1023 चिपांचा, म्हणजे +1 किंवा −1 अशा घरांचा, असतो, दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होतो, आणि एक चिप म्हणजे 293 मीटर अंतर. रिसीव्हर त्याच कोडची आपली प्रत बनवतो, ती सरकवत राहतो, गुणाकार करून बेरीज घेतो. जुळलं की बेरीज एकदम उसळते, आणि किती सरकवावं लागलं त्यावरून अंतर मिळतं. हे कोरिलेशन. कन्व्होल्यूशनच, फक्त तिथे एक मालिका उलटी करून सरकवतात, इथे ती उलटवायची नाही. हेही कागदावर होतं. +1, +1, +1, −1, −1, +1, −1 हा सात आकड्यांचा बार्कर कोड घे, त्याच्याच खाली तो लिही आणि एकेक घर सरकव. जुळल्यावर 7 येतील. सरकवल्यावर दर वेळी 0 किंवा −1. जुलै 2025 मध्ये गेलेल्या निसार या भारत-अमेरिकेच्या उपग्रहाचं रडारही परत आलेला प्रतिध्वनी याच तत्त्वाने ओळखतं, फक्त कोडऐवजी वारंवारता बदलत जाणारी लाट वापरतं.

फुरियरबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तू लीस्ट स्क्वेअर्स, म्हणजे नोंदींपासून कमीत कमी फरक राहील असं सूत्र बसवणं, शिकली असशील. माहीत असलेल्या कालावधींच्या साइन-कोसाइन लाटा नोंदींवर बसवणं, एवढंच ते. भरतीचं भाकीत 1870 च्या दशकापासून असंच होतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनने तेव्हा लाटा जोडणारं कप्प्या-दोऱ्यांचं यंत्र बनवलं. लक्षात ठेवायची गोष्ट वेगळीच आहे: दोन जवळचे कालावधी वेगळे काढायचे असतील तर नोंद पुरेशी लांब हवी. चंद्र-सूर्याच्या लाटा वेगळ्या काढायला निदान 14.77 दिवस. जीपीएस स्टेशनच्या (एका जागी कायम बसवलेल्या रिसीव्हरच्या) उंचीत एक वार्षिक चढउतार असतो, पाऊस नि भूजलाच्या भारामुळे. आणि एक खोटा चढउतार 351 दिवसांचा, उपग्रहांच्या कक्षांच्या भूमितीतून येणारा. हे दोन नीट वेगळे करायला सुमारे 25 वर्षांची नोंद लागते. तीन वर्षांच्या डेटावर कुणी हा फरक दाखवला तर त्याला प्रश्न विचार.

सुट्टीत गावी जातेस तेव्हा एक काम कर. खाडीच्या मुखाजवळच्या जेट्टीवर आणि आत काही किलोमीटरवर, अशा दोन ठिकाणी सेंटिमीटरच्या खुणा केलेला बांबू किंवा लेव्हलिंगचा स्टाफ बांध. दुसऱ्या ठिकाणी भावंडाला किंवा मैत्रिणीला बसव. दर अर्ध्या तासाला दोघींनी एकाच वेळी पातळी लिहायची, निदान तेरा तास. लाटा असतील तर एका मिनिटात आठ-दहा वेळा वाचून सरासरी घ्या. तुमचा लो-पास फिल्टर तोच. मग दोन्ही आलेख एकावर एक ठेव. आतली भरती उशिरा येईल, उंचीही बदललेली असेल. 30 मिनिटं उशीर म्हणजे 745 मिनिटांच्या फेरीत साडेचौदा अंशांचा फेज. मुखावरची भरती आत जाणारा सिग्नल, खाडी ही सिस्टिम, आतली भरती बाहेर पडणारा सिग्नल, आणि 12.42 तासांच्या लाटेपुरता खाडीचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे लाटेची उंची किती पट झाली नि फेज किती सरकली, हे तू मोजलंस.

अजून एक गोष्ट बारकाईने बघ. उथळ खाडीत पाणी बऱ्याचदा भरभर चढतं आणि रेंगाळत उतरतं. आतल्या आलेखाचा आकार तसा तिरका झाला असेल तर त्यात 6.21 तासांची नवी लाट शिरलेली असते. मुखावर ती नव्हती, किंवा नगण्य होती. रेषीय आणि काळाने न बदलणारी सिस्टिम नवी वारंवारता जन्माला घालूच शकत नाही, आणि खाडी काही एका दिवसात बदलत नाही. म्हणजे तुझी खाडी रेषीय नाही, आणि याचा पुरावा तुझ्या वहीत असेल. गावातल्या होडीवाल्यांना पाणी कधी वेगाने चढतं हे तुझ्याआधीपासून माहीत असणार. त्यांच्याशी बोल आणि तेही लिहून ठेव.

राहिला परीक्षेचा प्रश्न. आधी सॅम्पलिंग, मग कन्व्होल्यूशन, मग फेज नि फुरियर, या क्रमाने अभ्यास कर. लाप्लास आणि झेड-ट्रान्सफॉर्म शेवटी, जुन्या प्रश्नपत्रिकांत येतात तेवढेच. पुढे कालमन फिल्टर (नवी नोंद येईल तसा अंदाज सुधारण्याची पद्धत) शिकशील तेव्हा त्यांच्याकडे परत यायला वेळ आहे. बारावीचं त्रिकोणमितीचं प्रकरण मात्र या आठवड्यातच काढून बस, त्यावाचून फेज हाताला लागणार नाही. आणि दुपारी बाराचा आलेख छापून सरांकडे जा. ‘समजत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘हा 14.77 कुठून आला ते मला कळलं, आता फिल्टर आधी का लावायचा ते सर्किटवर दाखवाल का?’ असं विचार. खाडीच्या नोंदी मिनी प्रोजेक्ट म्हणून चालतील का, हेही त्याच भेटीत विचारून घे.